आधी बैठक

कर्जत मागे पडलं, खोपोलीचा रस्ता लागला आणि कल्पिताने न विचारता माझ्या हातातली पिशवी काढून आपल्या खांद्याला अडकवली. डांबर तापलं होतं. माझ्या पायात चपला असूनही तळव्यांना चटका बसत होता, आणि ही पोर गावातून निघाल्यापासून अनवाणी. पुढे टेम्पोवर एकवीरेची गाणी चाललेली, त्यामागे पालखी, पालखीमागे झेंडेवाले आणि सगळ्यात शेवटी आम्ही बाया. मधूनमधून गावचे वडीलधारे चांगदेवआबा कर्ण्यावरून नावं पुकारत होते. ज्याचं नाव निघेल त्याने पुढे जाऊन पालखीला खांदा द्यायचा.

प्रत्येक नावाला कल्पिताची मान वर व्हायची. मग परत खाली.

झेंडेवाल्यांतला एकजण मागे वळून म्हणाला, “फौजी, यंदा खांदा पण रजेवर का?” बाकीचे हसले. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

आमच्या गावची पालखी दर चैत्रात पायी कार्ल्याला जाते, एकवीरा आईच्या भेटीला. गाव आंबिवलीच्या अलीकडे. आगऱ्यांचं. पूर्वी भाताची खाचरं होती, आता त्यांच्यावर इमारती आहेत आणि त्यातल्या एका इमारतीचे मालक गोपीनाथ केणे, म्हणजे कल्पिताचे वडील. मी त्यांची भाडेकरू. लग्न होऊन आले ती तिथेच राहिले. माझे यजमान वारले तेव्हापासून मी दरवर्षी या पालखीबरोबर चालते. आईकडे काही मागत नाही, नुसती जाऊन उभी राहते आणि परत येते. कल्पिताला मी ती बालवाडीत होती तेव्हापासून पाहते आहे. ती मला काकी म्हणते.

पालखीला खांदा पूर्वापार पुरुषांनीच दिलेला. गेल्या वर्षी कल्पिता रजेवर आली होती. लष्कराच्या पोलिसात भरती झालेली गावची ही पहिली मुलगी. नाक्यावर तिचा वर्दीतला भलामोठा फलक लागला होता, त्यावर वाघिणीचं चित्र आणि खाली गावातल्या सगळ्या कार्यकर्त्यांचे फोटो. बदलापूरच्या पुढे आल्यावर आबांनी कर्ण्यावरून पुकारलं, “कल्पिता गोपीनाथ केणे. पुढं ये गो.” सगळ्या बाया जागच्या जागी थांबल्या. ती पुढे गेली, पदर नव्हता म्हणून कोणाचा तरी रुमाल खांद्यावर घेतला आणि दांड्याखाली शिरली. तिची आई, गोदावहिनी, रस्त्याच्या कडेला उभी राहून हात जोडून रडत होती. मीही रडले. खोटं कशाला सांगू.

या वर्षी आबांनी सगळ्यांना पुकारलं. तिला नाही.

“मी विचारलेलं आबांना,” ती म्हणाली. “सकाळीच, निघताना. बोलले, बैठकीत ठरलंय.”

आमच्या गावातली बैठक बाहेरच्या माणसाला समजावून सांगावी लागेल. भांडण काहीही असो, बांधाचं, वाटणीचं, नवराबायकोचं, आधी ते घरात बसून बघायचं. घरात नाही निपटलं तर मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर गाव बसतं. चौकी त्यानंतर. थेट चौकीत गेलेल्या माणसाकडे लग्नकार्यात कोणी धड बोलत नाही. बैठकीत ज्याची चूक ठरेल त्याने सगळ्यांसमोर वाकून पाया पडायचं, आणि मोठ्या माणसाने म्हणायचं, मिटलं. मग ते मिटलं. पाया पडलेला माणूस पुन्हा तसं वागला तर गाव त्याला सोडत नाही. मी या बैठकांना नावं ठेवणार नाही. दोन घरं मोडता मोडता वाचलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. बायका तेव्हा ओट्यावर नसतात, एवढंच.

कल्पिता या बैठकीतच वाढली. तिची चूक तिथूनच झाली.

ती भरती झाली ती सहदेव म्हात्र्यांमुळे. सहदेव फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झाले आणि त्यांनी आंबिवलीच्या मैदानावर पोरांना पहाटे पळवायला सुरुवात केली. पोरांच्या मागे कल्पिता पळायला लागली. गोपीनाथभाऊ आधी वैतागले. म्हणाले, पोरगी एवढी पळायला लागली तर हळदीला हिला पकडून कोण बसवणार. सहदेव घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, “गोपीनाथ, फौज पण गावच आहे. तिथे बापासारखे सुभेदार असतात. पोर तुझ्या घरातून निघून माझ्या घरात जातेय असं समज.” भाऊंनी तसं समजून घेतलं. कल्पिताने तर तो शब्द देव्हाऱ्यात ठेवावा तसा ठेवला. रजेवरून परत जाताना ती आधी आईवडिलांच्या पाया पडायची आणि मग रिक्षा वळवून सहदेवकाकांच्या.

तिची छावणी कुठल्या गावी ते मी लिहीत नाही. तिने नको म्हटलं आहे.

पहिल्या वर्षी तिचे फोन यायचे ते बहुतेक खाण्याबद्दल. लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या खानावळीत, रोज डाळ आणि बटाटा. एकदा तिने आईला सांगितलं, “आय, इथे एक पोरगी हाय, नागालँडची. आरेनला नाव हाय तिचं. ती पण सुकट खाते.” गोदावहिनीला नागालँड कुठे ते ठाऊक नव्हतं, पण सुकट खाणारी पोर म्हटल्यावर पुढचं तिने काही विचारलं नाही. ती दर उन्हाळ्यात इमारतीच्या गच्चीवर सुकट वाळत घालते. दुसऱ्या मजल्यावरचे नवे भाडेकरू वासाची तक्रार घेऊन आले तर त्यांना म्हणाली, “मंग नाक खाली ठेवून वर या.” त्या वर्षापासून तिने दोन पुड्या बांधायला सुरुवात केली, एक कल्पिताची, एक त्या पोरीची. आरेनला तिच्या घरून धुरावलेले मासे आणि बांबूचे कोंब मागवायची. बराकीच्या मागे स्टोव्हवर दोघी मिळून शिजवायच्या.

बाकीच्या मुलींनी त्यांचं नाव ठेवलं ‘बदबू पार्टी’. कल्पिताचा रंग काळा, म्हणून ती कोयला. आरेनलाला नाव ठेवणं तर त्याहून सोपं. कोणी मोमो म्हणायचं, कोणी चिंकी. छातीवर नावाची पट्टी असायची, ती कोणी वाचत नसे. सकाळच्या हजेरीला उस्ताद, म्हणजे शिकवणारा हवालदार, तिच्यापाशी आला की म्हणायचा, “ओ चायना, पासपोर्ट लाई है?” रांग हसायची.

“पहिल्या दिवशी मी पण हसलेली, काकी,” कल्पिता मला म्हणाली. “मला वाटलं, आपल्या मैदानावर पोरं एकमेकांना जाड्या, टकल्या बोलतात ना, तसं. ती हसली नाय. ती रोज तेच बोलायची. आरेनला, सर. उस्ताद परत बोलायचा चायना, ही परत बोलायची, आरेनला, सर. मग तो तिला रायफल डोक्यावर घेऊन मैदानाच्या फेऱ्या मारायला लावायचा. ती मारायची आणि येऊन परत बोलायची, आरेनला, सर. चौथ्या-पाचव्या दिवशी मला हसायलाच येईना.”

त्या दोघी नाक्यावर, गेटवर, कुठेही ड्युटीला एकत्र असत. आरेनला तिला तिच्या भाषेतली प्रार्थना म्हणून दाखवायची, ही तिला एकवीरेचं गाणं शिकवायची. पुढच्या वर्षी पालखीला तिलाही आणायचं असं ठरलं होतं. गोदावहिनीने तिच्यासाठी हिरव्या काठाची साडी बघून ठेवली होती.

आणि मग ते भांडाराचं झालं.

ड्युट्या लावणारा एक नायब सुभेदार होता. मुलींना तो बेटी म्हणायचा, पण आरेनलाला मात्र वेगळ्या ड्युट्या लावायचा, एकटीला, त्याच्या कचेरीजवळ. एका दुपारी कल्पिता बॅटऱ्या बदलून घ्यायला भांडारात गेली तर दार आतून बंद. आतून आवाज आला. तिने दार बडवलं. बराच वेळ कोणी उघडलं नाही, तेव्हा तिने दाराला लाथ घातली. दार उघडलं तेव्हा नायब सुभेदार समोर उभा होता आणि आरेनला मागे, रॅकला टेकून, खांद्यावरची पट्टी फाटलेली, हातात पाना धरलेला. तो माणूस अगदी शांतपणे म्हणाला, “कुछ नहीं। इनके यहाँ तो ये सब चलता है।”

हे सांगताना कल्पिता थांबली. आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. मागून येणाऱ्या दुसऱ्या गावच्या पालखीला वाट दिली, त्यांच्या पोरांनी उदो उदो केला, आम्हीही हात जोडले. मग ती पुढे बोलली.

आरेनला त्याच पावली मेजर मॅडमकडे, म्हणजे छावणीतल्या त्यांच्या अधिकारी बाईंकडे, निघाली होती. तशीच, फाटकी पट्टी घेऊन. तिला अडवलं ते कल्पिताने.

“मी तिला बोलली, थेट नको जाऊस. थेट गेलं की सगळे आपल्यावर उलटतात. आधी आपल्या मोठ्या माणसाला सांगू, तो बसवेल, त्याला पाया पडायला लावेल. ती बोलली, कोण मोठा माणूस? मी बोलली, माझे लोक आहेत.”

तिने सहदेवकाकांना फोन लावला. काका म्हणाले, शाबास, बरं केलंस आधी मला सांगितलंस. त्या युनिटमध्ये एक सुभेदार साहेब होते, मराठी, घाटावरचे. सहदेव त्यांच्या हाताखाली राहिले होते. काकांनी त्यांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सुभेदार साहेबांनी दोघींना आपल्या खोलीत बोलावलं. खुर्च्या मांडल्या होत्या, चहा आणला होता, बिस्किटं होती. नायब सुभेदार आला, मान खाली घालून म्हणाला, “बेटी, गलती हो गई।” सुभेदार साहेब कल्पिताकडे बघून मराठीत म्हणाले, “झालं ना समाधान? मिटलं म्हणायचं?”

आरेनलाला मराठी कळत नव्हतं. तिने चहाला हात लावला नव्हता. कल्पिताला वाटलं, वाकला, बोलला, मोठ्या माणसासमोर बोलला, आता हा जन्मभर बांधला गेला. ती म्हणाली, “मिटलं, साहेब.”

आमच्या ओट्यावर हा शब्द पडला की सगळं गाव त्याचं साक्षी असतं. त्या खोलीत साक्षीला फक्त चहाचे कप होते.

पुढच्याच महिन्यात आरेनलाची बदली झाली, लांब, सरहद्दीकडच्या ठिकाणी. शेरा असा की ही मुलगी कोणात मिसळत नाही, खाण्यापिण्यावरून बराकीत कटकटी करते. तेव्हा तिने वर तक्रार केली. चौकशीचे पहिले प्रश्न आले तसं सुभेदार साहेबांनी सांगितलं की त्यांच्यापर्यंत असलं काही कधी आलंच नाही. मुली एकदा चहाला आल्या होत्या. त्यातली एक, आमचीच मराठी मुलगी, स्वतः म्हणाली होती की बराकीतली कुरबूर होती, मिटली.

कल्पिता धावत त्यांच्याकडे गेली. तिला वाटलं त्यांची काहीतरी चूक होते आहे. ते तिच्यावर रागावले नाहीत. समजावणीच्या सुरात म्हणाले, “अगं पोरी, ती कुठं आपल्यातली? तिच्यासाठी तू कशाला जळतेस?” ही म्हणाली, साहेब, पण मी पाहिलंय. तेव्हा त्यांचा आवाज बदलला. म्हणाले, “मासळी विकणाऱ्यांच्या पोरी तुम्ही. वर्दी अंगाला लागायला पिढ्या जाव्या लागतात. चार वर्षांची तुझी भरती. शेवटी चौघींत एक ठेवतात. ती कोण, ते आम्ही सांगतो.”

“तोपर्यंत मी आपल्यातली होती,” कल्पिता म्हणाली. “एक वाक्य बोलली आणि मासळीवाली झाली.”

त्याच संध्याकाळी तिने काकांना फोन लावला. काका, तुम्ही सांगा, तुम्हीच फोन केलेला. सहदेव म्हणाले, मी तर सहज ख्यालीखुशालीचा फोन केला होता. बाकी मला काही माहीत नाही. आणि हे बघ, माझ्याकडे मैदानावर बारा गावच्या पोरी येतात. त्यांच्या पोटावर पाय देऊ नकोस.

आरेनलाने तिचे फोन उचलणं बंद केलं. एकदाच मेसेज आला. तो कल्पिताने मला फोनमध्ये दाखवला नाही, तोंडाने सांगितला, कारण तो तिला पाठ होता. “तूने बोला था, मेरे लोग हैं।”

यापुढचं मला थोडं ठाऊक होतं. पालखी निघायच्या आदल्या आठवड्यात केण्यांच्या घरी बैठक बसली तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. दिवाणखान्यात चांगदेवआबा, सहदेव आणि गावातली चार मोठी माणसं. कल्पिता वर्दीत नाही, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, आत माझ्याजवळ, स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभी. आबा म्हणाले होते, पोरी, तू आत बस, मोठी माणसं बोलतायत. छावणीच्या गेटवर रात्रंदिवस अधिकाऱ्यांच्या गाड्या थांबवून ओळखपत्रं तपासणारी ही मुलगी आत जाऊन बसली.

नेमकं काय झालं होतं ते बाहेर कोणी उच्चारलंच नाही. सगळे ‘ते प्रकरण’ म्हणत होते. म्हणून मला अर्धंच कळलं. एवढं कळलं की मेजर मॅडमने बंद पडलेली चौकशी परत उघडली आहे आणि रजा संपली की कल्पिताला जबानी द्यायची आहे. सहदेव म्हणाले, पोरीने सांगावं की दार उघडं होतं, मला काही दिसलं नाही. एवढं एक वाक्य. मग सुभेदार साहेब तिला ठेवून घेतील, त्यांनी शब्द दिला आहे. आणि तिच्या चुलत बहिणीची, दिशाची, यंदाची भरतीही सुरळीत होईल. गावचं नाव राहील. कोणीतरी म्हणालं, कुठली ती चपट्या नाकाची पोरगी, तिच्यासाठी आपण गावाला का नागवं करायचं. 

मग आबांनी विचारलं, “गोपीनाथ, तुझं काय म्हणणं?”

चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला. मग भाऊंचा आवाज. “गाव बोलेल ते.”

गोदावहिनी तेव्हा लसूण सोलत होती. तिने सोललेल्या पाकळ्या परत सालांत टाकल्या आणि सगळं एकत्र कालवून ठेवलं.  बाहेर आबा म्हणाले, मिटलं मग. आणि पुरुष उठले.

जबानी द्यायची ती आत होती. तिला कोणी विचारलं नाही.

खोपोली गाठायच्या आधी एका फार्महाऊसच्या दारात कोकमाचं सरबत वाटत होते. मोठं आंब्याचं झाड होतं, पालखी त्याच्या सावलीत टेकवली होती. आम्ही दोघी कडेच्या पारावर बसलो. गोदावहिनी थोडी पुढे बायांत बसून पाय चोळत होती. तेवढ्यात सहदेव हातात दोन ग्लास घेऊन आले. सरळ चालणं, कडक पांढरा शर्ट, या वयातही ताठ. एक ग्लास मला दिला, दुसरा तिच्यापुढे धरला.

“पाय कसे आहेत, बेटा?” त्यांनी विचारलं.

ती म्हणाली, बरे आहेत. ग्लास तिने घेतला, पण तोंडाला लावला नाही.

सहदेव खाली बसले, आवाज बारीक केला. मी बाजूला होते त्याची त्यांना काळजी नव्हती. म्हणाले, मी आबांशी बोललो आहे. कार्ल्याच्या पायऱ्यांवर, शेवटच्या टप्प्याला, आईच्या दारापर्यंत खांदा तुझा. पुढचा दांडा. पुरुषांनाही तो मान सहज मिळत नाही. फोटो काढू. तू फक्त तिकडे गेल्यावर ते एक वाक्य बोल.

कल्पिताने ग्लास पारावर ठेवला. मग म्हणाली, “काका, खांदा आईचा. तो तुम्ही कसा वाटता?”

“आईचाच आहे. मी फक्त—”

“मी तिकडे जाऊन तीन गोष्टी सांगणार हाय. दार आतून बंद होतं. तिची पट्टी फाटलेली होती. आणि ती मॅडमकडे चाललेली, तिला मी अडवलं, तुमच्या भरवशावर. तुमचा फोन, साहेबांचा चहा, सगळं सांगणार. मी बोललेलं ‘मिटलं’ पण सांगणार.”

सहदेवांचा चेहरा तसाच राहिला. फौजेतल्या माणसाचा चेहरा लवकर बदलत नाही. फक्त बेटा गेलं. म्हणाले, “मग चार वर्षं भरली की घरी बस. कुठल्यातरी सोसायटीच्या गेटवर उभी राहा काठी घेऊन.”

“गेटवर उभं राहायची सवय हाय मला.”

ती उठली आणि तिने तो भरलेला ग्लास पलीकडे बसलेल्या एका म्हातारीला दिला. म्हातारीने कौतुकाने घेतला आणि विचारलं, फौजी ना गो तू. ही हो म्हणाली.

मी वळून पाहिलं तर गोपीनाथभाऊ पालखीजवळ उभे होते. त्यांना ऐकू गेलं असणार. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, झटकला, परत खांद्यावर टाकला. आबांनी त्यांचं नाव पुकारलं तसे ते दांड्याखाली शिरले.

घाटाच्या चढाला लागलो तेव्हा ऊन कललं होतं. पुढची गाणी आता बारीक ऐकू येत होती.  मी मनातल्या मनात आईचं नाव घेत होते. मला कल्पिताला धीर द्यावासा वाटत होता. तीच बोलायला लागली.

म्हणाली, त्या नायब सुभेदाराचं मला काही वाटत नाही. तो कसा आहे ते पहिल्या महिन्यात कळलं होतं. सुभेदार साहेबही परके. पण काका घरात बसून चहा पिऊन गेले होते ना, फौज म्हणजे गाव असं सांगून. आणि बाबा. बाबांनी ‘नाय’ म्हणायची पण गरज नव्हती. नुसतं म्हणायचं, पोरीला विचारा. ती आत उभी आहे, तिला बोलवा. एवढंच.

“मी सारखी विचार करते, काकी,” ती म्हणाली, “काकांनी खोटं कुठे सांगितलेलं? फौज गावासारखीच निघाली.”

मी विचारलं, आणि मॅडम? त्या बरोबर वागतील?

तिने खांदे उडवले. म्हणाली, माहीत नाही. एवढं आहे, त्यांनी एकेकीला वेगळं बोलावणार असं सांगितलंय, सगळ्यांना एका खोलीत बसवणार नाहीत. आणि त्या आल्यापासून हजेरीला नाव चुकलं तर उस्तादाला परत घ्यायला लावतात. पहिल्या दिवशी त्यांनी आरेनलाला जवळ बोलावून तिचं नाव कसं म्हणायचं ते विचारलं होतं, सगळ्या रांगेसमोर, आणि बरोबर येईपर्यंत स्वतः म्हटलं होतं. तेव्हा आरेनला बराकीत येऊन रडली होती. “मी तिच्याबरोबर दोन वर्षं जेवली, काकी. मला ते सुचलं नाय. मी तिला आरू बोलायची.”

वळणावर पुढची माणसं दिसेनाशी झाली. गोदावहिनी आमच्यासाठी थांबली होती. कल्पिताने तिला हाताने खूण केली, तू चाल पुढे. मग पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

म्हणाली, “काकी, एक काम करशील? आयने सुकटीची पुडी बांधून ठेवलीय, फडताळात, डब्याच्या मागे. आरेनलाच्या वाटणीची. ती तिला पाठव, नवीन पत्ता मी देते. माझ्या नावाने नको, ती उघडणार पण नाय. तुझं नाव टाक. आणि आत्ता नको पाठवूस. माझी जबानी झाली की मी तुला फोन करीन, मग टपालात टाक. आधी गेली तर तिला वाटेल, मी परत चहाच पाजतेय.”